खांद्यावरची टेप कशासाठी: इम्पिंजमेंट, व्यायाम आणि दोन्हींची सांगड

खांद्याचे एक विशिष्ट दुखणे हात बाजूने वर नेताना ओळखू येते. हात शरीरालगत असतो तोवर काही होत नाही. तो साधारण ६० अंशांपर्यंत उचलला गेला की खांद्याच्या बाहेरच्या अंगाला कळ येऊ लागते, हात खांद्याच्या उंचीच्या वर जाईपर्यंत ती टिकते आणि १२० अंश ओलांडून हात कानाजवळ पोहोचला की पुष्कळदा ओसरते. हात खाली आणताना त्याच टप्प्यात ती पुन्हा भेटते. या दुखण्याला डॉक्टरांच्या भाषेत सबअ‍ॅक्रोमिअल इम्पिंजमेंट म्हणतात आणि फाइलवर बहुधा नुसते ‘इम्पिंजमेंट’ असे लिहिलेले असते. त्याची आणखी एक खूण रात्रीची आहे: दुखऱ्या कुशीवर झोपता येत नाही आणि झोपेत त्या कुशीवर वळले तर जाग येते. दिवसा ब्लाउजचा मागचा हूक लावणे, मागच्या खिशातून पाकीट काढणे, वरच्या फळीवरचा डबा उतरवणे, लोकलमध्ये वरची कडी धरून उभे राहणे ही कामे नकोशी होतात. छत रंगवणारे रंगारी, वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिणारे शिक्षक, जलतरणपटू आणि गोलंदाज यांच्यात हे दुखणे जास्त दिसते. पण चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही ते विशेष कारणाशिवाय होऊ शकते.

असा रुग्ण फिजिओथेरपिस्टकडे गेला की अनेकदा खांद्यावर निळ्या किंवा काळ्या रंगाची ताणली जाणारी टेप (किनेसिओ टेप) घेऊन बाहेर पडतो आणि सोबत चार-पाच व्यायाम लिहून दिलेला कागद असतो. टेप डोळ्यांत भरते, कागद खिशात राहतो. बरे वाटले तर श्रेय टेपला मिळते, न वाटले तर दोषही तिलाच. प्रत्यक्षात या उपचारातला मुख्य भाग कागदावर असतो, आणि टेपचे काम तो भाग सुरुवातीच्या कठीण दिवसांत पार पडेल इतकी मोकळीक मिळवून देण्यापुरते आहे. हे का, ते समजण्यासाठी आधी खांदा पाहावा लागतो.

खांद्याची रचना

खांदा हा शरीरातील सर्वांत जास्त फिरणारा सांधा आहे आणि त्या फिरण्याची किंमत त्याने स्थैर्यात मोजलेली आहे. दंडाच्या हाडाचा वरचा गोलाकार भाग खवाट्याच्या, म्हणजे पाठीच्या वरच्या बाजूला असलेल्या त्रिकोणी हाडाच्या, एका उथळ खाचेवर टेकलेला असतो. चहाच्या बशीवर मोसंबे ठेवावे तसा. हाडांची पकड जवळजवळ नाहीच. हा गोळा जागेवर धरून ठेवण्याचे काम त्याच्याभोवतीचे चार लहान स्नायू करतात: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. या चौघांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर, मिळून गोळ्याभोवती जे आच्छादन तयार होते त्याला रोटेटर कफ म्हणतात. दंडाच्या बाहेरच्या बाजूचा डेल्टॉइड हा मोठा स्नायू हात उचलतो खरा, पण उचलताना तो गोळ्याला वरच्या दिशेनेही ओढतो. रोटेटर कफ त्याच वेळी गोळा खाली आणि खाचेकडे दाबून धरतो, म्हणून हात उंचावताना गोळा वर सरकत नाही.

वर सरकला तर तो कशावर आदळेल? खवाट्याचाच एक पुढे आलेला कोपरा सांध्यावर छतासारखा असतो. त्याचे नाव अ‍ॅक्रोमिअन. खांद्याच्या टोकावर बोट ठेवले की जे टणक हाड लागते तेच हे. हे छत आणि खालचा गोळा यांच्यात जेमतेम एक सेंटिमीटरची फट असते आणि तेवढ्या फटीतून सुप्रास्पायनेटसची कंडरा जाते. तिच्यावर घर्षण कमी करणारी बर्सा नावाची पातळ पिशवी असते. हात मधल्या टप्प्यात असताना ही फट सर्वांत अरुंद होते आणि कळही तिथेच येते.

खवाटा स्वतः स्थिर नसतो, ही गोष्ट रुग्णांना क्वचितच सांगितली जाते. हात पूर्ण वर नेताना होणाऱ्या सुमारे १८० अंशांच्या हालचालीतील ढोबळमानाने १२० अंश मुख्य सांध्यात घडतात आणि उरलेले ६० अंश खवाटा बरगड्यांवरून सरकत-फिरत देतो. तो वेळेवर वर फिरला तर छतही गोळ्याच्या वाटेतून बाजूला होते. त्याला फिरवणाऱ्या स्नायूंत काखेखाली बरगड्यांवर असलेला सेरेटस अँटेरिअर आणि पाठीवरच्या ट्रॅपेझिअसचा खालचा भाग हे महत्त्वाचे आहेत. अमेरिकेत सतत डोक्यावर हात करून काम करणाऱ्या बांधकाम कामगारांच्या खांद्यांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात इम्पिंजमेंटची लक्षणे असलेल्यांचा खवाटा कमी वर फिरत होता आणि पुढे झुकत होता. त्यांचा सेरेटस कमी काम करत होता आणि मानेजवळचा वरचा ट्रॅपेझिअस जास्त. आरशासमोर उभे राहून दोन्ही हात सावकाश वर नेले आणि दुखऱ्या बाजूचा खांदा कानाकडे उचकला, तर घरच्या घरी हेच चित्र दिसते.

‘हाड घासते’ ही कल्पना आणि तिचे पुढे काय झाले

अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञ चार्ल्स नीर यांनी १९७२ साली मांडले की कंडरेचा बहुतेक बिघाड या छताच्या पुढच्या भागावर घासल्यामुळे होतो आणि म्हणून छताचा तो भाग तासून फट वाढवावी. मांडणी सुटसुटीत होती, चित्र काढून दाखवता येत होती, आणि पुढे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणे सोपे झाल्यावर जगभर अशा शस्त्रक्रियांची संख्या भराभर वाढली.

मग कोणीतरी तासण्याचे नाटक करून पाहिले. ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. एका गटाच्या हाडाचा भाग खरोखर तासला होता, दुसऱ्या गटाच्या खांद्यात दुर्बीण घालून फक्त पाहिले होते, तिसऱ्यावर काहीच केले नव्हते. सहा महिन्यांनंतर तासलेले आणि न तासलेले सारखेच निघाले, आणि काहीच न केलेल्या गटाशी असलेला फरकही रुग्णाला जाणवेल इतका मोठा नव्हता. फिनलंडमधील एका चाचणीचा निष्कर्ष त्याच वर्षी आला आणि तोही याच बाजूचा होता. फट रुंद करून दुखणे हटत नसेल, तर फट अरुंद असणे हे त्याचे एकमेव कारण असू शकत नाही. आता अधिक मान्य असलेले मत असे आहे की कंडरेवर तिच्या ताकदीपेक्षा जास्त किंवा अचानक वाढलेला भार पडतो, ती चिडते, तिच्यातील तंतूंची रचना बिघडू लागते आणि मधल्या टप्प्यात तिच्यावर ताण व दाब दोन्ही सर्वाधिक असल्यामुळे ती तिथे दुखते. दाबाचा वाटा आहे, पण तो अनेक वाट्यांपैकी एक.

रुग्णाच्या दृष्टीने हा फरक पुस्तकी नाही. ‘तुमचे हाड नसेवर घासते आहे’ असे ऐकलेला माणूस हात वर करणेच सोडतो. न वापरल्याने स्नायू आणखी दुबळे होतात आणि दुखणे टिकून राहते. माझ्या मते या दुखण्यात चुकीच्या व्यायामाने जितके नुकसान होते त्याहून अधिक या एका वाक्याने होते.

कंडरा दुबळी पडली असेल, तर तिला पुन्हा भार पेलायला शिकवणे हा उपाय ठरतो, आणि ते फक्त व्यायामाने होते. स्वीडनमध्ये शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीवर असलेल्या १०२ रुग्णांवर झालेला आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. एका गटाला रोटेटर कफ आणि खवाट्याचे स्नायू यांना टप्प्याटप्प्याने भार देणारे व्यायाम १२ आठवडे दिले, दुसऱ्याला मान-खांद्याच्या साध्या, भार नसलेल्या हालचाली दिल्या. सुरुवातीला इंजेक्शन दोन्ही गटांना मिळाले होते. शेवटी ‘अजूनही शस्त्रक्रिया हवी का’ असे विचारले तेव्हा पहिल्या गटातील २० टक्के आणि दुसऱ्या गटातील ६३ टक्के लोकांनी होकार दिला. ब्रिटनमध्ये ७०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली आलेल्या चाचणीने यात एक उपयुक्त पुस्ती जोडली: फिजिओथेरपिस्टबरोबर सहापर्यंत बैठका घेऊन केलेला व्यायाम आणि एकाच सविस्तर बैठकीत नीट समजावून घेऊन घरी केलेला व्यायाम यांच्या परिणामांत वर्षभरात फरक आढळला नाही. याचा अर्थ रोज दवाखान्यात जाऊन शेक घेण्यावर पैसे घालण्याऐवजी एकदा नीट शिकून घरी नेमाने करणे बहुतेकांना पुरते.

टेप कुठून आली

अडचण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येते. ज्या हालचालीने दुखते तीच हालचाल करायला सांगितली जाते, आणि रात्री झोप न झालेला माणूस सकाळी उठून ती करत नाही. वेदना असेल तिथे मेंदू त्या भागातील स्नायूंना मोकळेपणाने काम करू देत नाही, खांदा कानाकडे उचकून हात वर जातो आणि जो स्नायू जागा करायचा तो झोपलेलाच राहतो. टेपला काही काम असेल तर ते या दोन-तीन आठवड्यांत आहे.

ही टेप जपानी कायरोप्रॅक्टर (मणके व सांधे हाताने हाताळून उपचार करणारे) केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात तयार केली. आधीच्या चिकटपट्ट्या ताठ असत. सांधा जखडून ठेवणे हाच त्यांचा हेतू होता. कासे यांना हालचाल चालू ठेवणारी पट्टी हवी होती. सुती कापडात विणलेला लवचीक धागा, मागे उष्णतेने अधिक घट्ट होणारा अ‍ॅक्रिलिकचा चिकट थर आणि मूळ लांबीच्या निम्म्याच्या आसपास ताणली जाण्याची क्षमता ही तिची वैशिष्ट्ये. ती आडवी ताणली जात नाही, लांबीच्या दिशेनेच ताणली जाते. जाडी आणि लवचीकता त्वचेच्या जवळपास जाणारी ठेवलेली आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श यांच्या खांद्यावरची काळी टेप जगभर टीव्हीवर दिसली आणि त्यानंतर ती जिथेतिथे पोहोचली. रंगाला कसलाही गुण नाही. निळ्याने थंडावा आणि लालने ऊब मिळते असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्यावे.

ती काम कशी करते याबद्दलचे दावे मात्र तपासून घ्यायला हवेत. सर्वांत प्रसिद्ध दावा असा की टेप आकसताना त्वचेला सूक्ष्म सुरकुत्या पडून ती वर उचलली जाते, खाली जागा होते आणि रक्ताचे व लसिकेचे (लिम्फचे) वहन सुधारते. ब्राझीलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या १४८ रुग्णांवर ही कल्पना थेट तपासण्यात आली: एका गटाला सुरकुत्या पडतील अशी टेप, दुसऱ्याला ताण न देता, सुरकुत्या न पाडणारी. दोन्ही गटांचे दुखणे सारख्याच प्रमाणात कमी झाले. खांद्याच्या फटीबाबत तर साधा विचारही पुरेसा आहे, कारण त्वचेवरची कापडी पट्टी डेल्टॉइडसारख्या जाड स्नायूच्या खालचे हाड कायमचे हलवून ठेवील ही अपेक्षा फार मोठी आहे.

उरतात दोन शक्यता आणि त्या पटण्यासारख्या आहेत. त्वचेवर सतत स्पर्श व ओढ जाणवत राहिली की मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेचा संदेश काही प्रमाणात अडवला जातो. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलेल्या ‘गेट’ सिद्धान्ताचे हे एक रूप आहे, आणि ठेच लागल्यावर आपण ती जागा चोळतो तेव्हाही हेच घडते. दुसरी शक्यता अशी की खांदा चुकीच्या दिशेने गेला की टेप ओढली जाते आणि ध्यानात येते. शिकवणाऱ्याचा हात पाठीवर असावा तसा तिचा उपयोग होतो, पण लक्ष देणाऱ्यालाच.

आकडे काय सांगतात

नुसत्या टेपचा परिणाम पाहण्यासाठी २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास अजूनही सर्वांत जास्त उद्धृत होतो. कॉलेजच्या वयाच्या, खांदा दुखणाऱ्या ४२ तरुणांपैकी निम्म्यांना नियमानुसार टेप लावली आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण उपयोग नसलेली. योग्य टेप लावलेल्यांचा न दुखता बाजूने वर जाणारा हात त्याच वेळी सरासरी सुमारे १७ अंशांनी अधिक वर गेला. तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी पाहिले तेव्हा दोन्ही गटांत फरक उरला नव्हता, आणि वेदनेच्या किंवा कार्यक्षमतेच्या मोजमापांत तो कधी दिसलाच नव्हता. ज्यांना टेप हा उपचार वाटतो त्यांच्यासाठी हा निष्कर्ष निराशेचा आहे. ज्यांना पुढच्या तासाभरात व्यायाम करायचा आहे त्यांच्यासाठी १७ अंश पुष्कळ आहेत.

तुर्कस्तानातील ५५ रुग्णांचा, २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास व्यायामाच्या जोडीने पाहण्यासारखा आहे. एका गटातील ३० जणांना तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीनदा टेप लावली, दुसऱ्या गटातील २५ जणांना दोन आठवडे रोज शेक आणि यंत्रांचे उपचार दिले. घरचा व्यायाम दोन्हीकडे होता. पहिल्या आठवड्याअखेर आराम करताना, रात्री आणि हालचालीत होणारी वेदना टेप लावलेल्यांत कमी होती. दुसऱ्या आठवड्याअखेर वेदनेतला तो फरक संपला, मात्र दैनंदिन कामे करण्याच्या मोजमापात टेपचा गट थोडा पुढे होता. टेप घाई करते, अंतिम मुक्काम बदलत नाही, असे यातून दिसते, आणि रोजच्या दवाखान्याच्या खेपांऐवजी आठवड्याला दोन खेपा पुरल्या हाही एक फायदाच.

सगळे अभ्यास एकत्र तोलून पाहणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात २३ चाचण्या आणि १,०५४ रुग्ण होते. त्यांचा निष्कर्ष सावध आहे: रोटेटर कफच्या दुखण्यात या टेपचा खोट्या टेपपेक्षा किंवा इतर उपचारांपेक्षा जास्त फायदा होतो की नाही, हे ठामपणे म्हणता येईल असा पुरावा नाही, आणि जो आहे तो कमी किंवा अत्यंत कमी भरवशाचा आहे. त्यामुळे टेपवर मोठा खर्च करू नये आणि ती नाही म्हणून व्यायाम थांबवू नये. ती लावल्यावर ज्याला खरोखर हलके वाटते त्याने पहिल्या काही आठवड्यांत ती वापरावी, ज्याला काहीच वाटत नाही त्याने दुसऱ्यांदा लावून घेऊ नये.

टेप लावताना

आदल्या रात्री किंवा आंघोळीआधी अंगाला तेल लावलेले असेल तर टेप तासाभरात सुटते, म्हणून त्या दिवशी तेल, पावडर, मलम काहीही नको. केस दाट असतील तर कात्रीने कापून घ्यावेत. लगेच वस्तऱ्याने काढले तर चिकट थर चुरचुरतो. टेपची रुंदी ५ सेंटिमीटर असते. प्रत्येक तुकड्याचे कोपरे गोल कापावे लागतात, नाहीतर सदऱ्याला अडकून टोक उचलले जाते. पहिली पट्टी एका टोकाला चार-पाच सेंटिमीटर अखंड ठेवून पुढे उभी चिरतात. अखंड भाग दंडाच्या हाडाच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यावर, अजिबात न ताणता चिकटवतात. मग रुग्ण मान विरुद्ध बाजूला कलवतो, हात शरीराजवळ मागे घेतो, आणि दोन फाटे खवाट्याच्या वरच्या भागावरून अगदी हलक्या ताणाने, कागदावरून निघताना टेपला जेवढा ताण असतो जवळपास तेवढाच ठेवून, कण्याच्या दिशेने नेले जातात. दुसरी चिरलेली पट्टी दंडाच्या मध्यावर बाहेरून सुरू होते आणि तिचे फाटे डेल्टॉइडच्या पुढून व मागून वर येऊन त्याला कवेत घेतात. पुढचा फाटा लावताना हात मागे नेलेला असतो, मागचा लावताना तो समोरून विरुद्ध कमरेकडे. तिसरी पट्टी अखंड असते. ती खांद्याच्या पुढच्या बाजूने सुरू होऊन वरून मागे जाते. तिच्या मधल्या भागाला टेपच्या क्षमतेच्या ५० ते ७५ टक्के ताण देतात. प्रत्येक पट्टीची दोन्ही टोके मात्र ताणाशिवायच बसवतात, कारण ताणलेली टोके त्वचा ओढून फोड आणतात. शेवटी तळहाताने चोळून उष्णता दिली की चिकट थर धरतो. हेअर ड्रायर वापरू नये.

हे वाचून कोणी स्वतःच्या खांद्यावर टेप लावायला बसेल, तर जमणार नाही. एका हाताने मागचा फाटा बसत नाही. पहिल्यांदा जाणकाराकडून लावून घ्यावी आणि घरातल्या एकाने ती पाहून शिकावी.

टेप साधारण तीन ते पाच दिवस राहते. कोकणात किंवा मुंबईत एप्रिल-मेमध्ये घामामुळे दोन दिवसांतच कडा सुटतात, तेव्हा सुटलेली कड कापून टाकावी, पूर्ण पट्टी ओढू नये. आंघोळ चालते, नंतर टॉवेलने टिपावे. खाज सुटली, लाली पसरली किंवा पुरळ उठले तर त्याच क्षणी काढावी, आणि काढताना खोबरेल तेल लावून थोडे थांबून, केसांच्या दिशेने, त्वचा दाबून धरत काढावी. उघडी जखम, त्वचेचा संसर्ग, चिकटपट्टीची अ‍ॅलर्जी, वयामुळे कागदासारखी पातळ झालेली त्वचा किंवा त्या भागातील कर्करोगाचे उपचार असतील तर टेप लावूच नये.

व्यायाम, आणि टेपशी त्यांचा मेळ

टेप लावून तास-अर्धा तास झाला की पहिला व्यायाम करावा. बसून, पाठ सरळ ठेवून दोन्ही खवाटे किंचित मागे आणि खाली घ्यायचे, पाच सेकंद धरायचे, सोडायचे. खांदे कानाकडे जात असतील तर वरची टेप ढिली पडते आणि पाठीवरची ओढ बदलते. रुग्णाने ती जाणीव हेरावी, टेपकडून घ्यायचे ते एवढेच.

सगळ्यांत महत्त्वाचा व्यायाम रबरी पट्ट्याचा आहे. पट्ट्याचे एक टोक दाराच्या कडीला कोपराच्या उंचीवर बांधायचे, दुखरा हात कोपरात काटकोनात वाकवायचा आणि कोपर व बरगड्या यांच्यामध्ये एक गुंडाळलेला टॉवेल धरायचा. मग कोपर न हलवता मनगट शरीरापासून बाहेर न्यायचे आणि परत आणायचे. बाहेर न्यायला एक सेकंद पुरतो, परत आणायला तीन सेकंद घ्यायचे. पट्ट्याला हात खेचू द्यायचा नाही. कंडरेला खरा भार या परतीच्या वाटेवर मिळतो आणि बहुतेक जण नेमकी तीच सोडून देतात. टॉवेल खाली पडला तर कोपर बाहेर गेला असे समजावे. १५ वेळा करून थांबायचे, असे तीन संच, दिवसातून दोनदा. शेवटच्या संचात थोडी धडपड व्हायला हवी. ती होत नसेल तर पट्टा बदलून जाड घ्यावा.

सेरेटससाठी भिंत पुरते. भिंतीवर दोन्ही तळहात टेकवून, कोपर सरळ ठेवून छाती भिंतीकडे जाऊ द्यायची, म्हणजे खवाटे जवळ येतात. मग भिंत ढकलत पाठीचा वरचा भाग मागे न्यायचा, म्हणजे ते दूर होतात. कोपर अजिबात वाकत नाही, म्हणून हालचाल दिसायला एवढीशी असते. पुढे हीच ओट्यावर आणि नंतर जमिनीवर गुडघे टेकून करता येते.

हात वर नेण्याचा व्यायाम दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो. हात थेट बाजूने न उचलता शरीराच्या साधारण ३० अंश पुढे, अंगठा वर ठेवून न्यायचा, आरशासमोर. खांदा उचकू न देता जिथवर जातो तिथवरच. टेप असताना मिळणारे ते जास्तीचे अंश इथे उपयोगी पडतात: हात थोडा वर जातो, तिथे स्नायू काम करतो, आणि ती उंची पुढच्या दिवशी टेप नसतानाही ओळखीची राहते. नंतर हातात अर्धा लिटर पाण्याची बाटली. खांद्याच्या मागचा भाग आखडलेला असेल तर हात छातीसमोरून विरुद्ध बाजूला ओढून ३० सेकंद धरणे हा ताण जोडता येतो.

दुखले तर थांबायचे का? हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. दहापैकी पाचपर्यंतची वेदना व्यायाम करताना चालते, अट एकच की पुढच्या वेळी व्यायामाला बसेपर्यंत ती आधीच्या पातळीवर आलेली असावी. रात्र खराब गेली तर वेळा कमी न करता भार कमी करावा. टेप वेदना झाकत असल्यामुळे पहिल्या दिवशी उत्साहात दुप्पट व्यायाम होण्याचा धोका असतो. टेपचा एकमेव गंभीर तोटा माझ्या दृष्टीने हाच.

पहिले दोन-तीन आठवडे टेप दर तीन-चार दिवसांनी बदलावी. त्यानंतर व्यायामाच्या एका दिवसाआड टेपशिवाय करून पाहावे आणि हात तेवढाच वर जात असेल तर ती बंद करावी. व्यायाम १२ आठवडे चालतो. सहा आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात, पण कंडरेचे तंतू सावकाशच बदलतात.

ज्या खांद्याला यातले काही लागू नाही

हात स्वतःहून वर जात नाही आणि दुसऱ्याने उचलूनही जात नाही, विशेषतः कोपर शरीराला टेकवून मनगट बाहेर नेता येत नाही, तर ते फ्रोझन शोल्डर असण्याची शक्यता जास्त. मधुमेह असलेल्यांत हे वारंवार होते आणि आपल्याकडे मधुमेह घरोघरी असल्याने दोन्हींची गल्लत नेहमी होते. पडल्यानंतर किंवा जड वस्तू झटक्याने उचलल्यानंतर अचानक हात उचलताच येईना, तर कंडरा फाटल्याची शंका घेऊन लवकर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. मानेतून निघून कोपराखाली बोटांपर्यंत जाणारी मुंग्यांची कळ बहुधा मानेच्या मणक्यांची असते. आणि डाव्या खांद्यात, जबड्यात, छातीत दुखून घाम फुटला तर फिजिओथेरपिस्टकडे नव्हे, थेट रुग्णालयात जावे.

उरतो तो रंगारी, ज्याला १२ आठवडे काम बंद ठेवणे परवडणारे नाही. त्याने रोलरला लांब दांडा लावून कोपर खांद्याच्या खाली राहील असे पाहावे, छतासाठी घोडी एक पायरी उंच लावावी, छत आणि भिंत दिवसभरात आलटून-पालटून घ्यावे, आणि भिंतीचा खालचा भाग दुखऱ्या हातासाठी ठेवावा. टेप सकाळी कामाआधी असली तर चालेल, पण पट्ट्याचा व्यायाम संध्याकाळी, हात दमल्यावर नको. तो सकाळी, काम सुरू होण्याआधी करावा आणि छताच्या दिवशी दोनदाऐवजी एकदाच.